तंबोरा, पेटी, तबला आणि घरातले मांजर

या सदरात वाचकांच्या संगीताभ्यासाविषयीच्या शंकांना उत्तरे दिली जातात. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार दिसला: घरात वाद्येही आहेत आणि मांजरही आहे, तेव्हा दोघांचा सांभाळ कसा करावा? त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. जेथे मांजराच्या प्रकृतीचा संबंध येतो, तेथे अखेरचा शब्द पशुवैद्यांचाच मानावा.

प्रश्न: माझ्या गुरूंनी त्यांच्याकडचा मिरजेचा तंबोरा मला दिला आहे. घरात दोन मांजरे आहेत. थोरली मांजरी शांत आहे, पण दीड वर्षाचा बोका दिसेल त्या दोरीवर झडप घालतो आणि तंबोऱ्याच्या आसपासच घुटमळतो. घरातली मंडळी म्हणतात की, बोका कोणाला तरी देऊन टाक. मला तंबोऱ्याची काळजी वाटते आणि बोकाही सोडवत नाही. काय करावे? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर: बोका देऊन टाकू नका. तंबोरा आणि मांजर एका घरात वर्षानुवर्षे सुखाने राहू शकतात. त्यासाठी मांजराला धाक दाखवण्याचा उपयोग नसतो, कारण रागावल्याने ते एवढेच शिकते की, तुम्ही समोर असताना तंबोऱ्याजवळ जाऊ नये. वाद्याची जागा आणि आपल्या स्वतःच्या सवयी बदलल्या, तर मात्र बहुतेक प्रश्न सुटतात.

तुमची काळजी अनाठायी नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आहे, आणि त्या कसबाला लागणारा मोठा भोपळा पंढरपूरच्या परिसरातील शेतांतून येतो. वाळवलेला भोपळा नादाला जितका उपकारक, तितकाच आघाताला नाजूक असतो, आणि कोणतेही दोन भोपळे तंतोतंत सारखे नसल्यामुळे फुटलेल्याच्या जागी हुबेहूब तसाच दुसरा मिळत नाही. अनेक घरांत तंबोरा कोपऱ्यात भिंतीला नुसता टेकवून ठेवतात. मांजर जाता-येता उभ्या वस्तूंना गाल आणि कूस घासून त्यांवर स्वतःचा गंध ठेवत असते. गोल बुडाच्या वाद्याचा तोल जायला तेवढा धक्काही पुरतो. म्हणून भोपळा नीट बसेल अशी गादीची चुंबळ किंवा लाकडी बैठक करून घ्या, दांडीच्या वरच्या भागाला रुंद, मऊ पट्टा लावून तो भिंतीतील हुकाला अडकवा आणि रियाज संपताच, पाच मिनिटांसाठी उठला असाल तरीही, गवसणी, म्हणजे वाद्याची कापडी खोळ, चढवा. जाड, अस्तर लावलेली गवसणी नखांपासून वाचवते, धूळ अडवते आणि लोंबणाऱ्या गोष्टी बोक्याच्या नजरेआड ठेवते. तंबोरा जमिनीवर आडवा ठेवायची सवय असेल, तर ती मांजराच्या घरात सोडून द्यावी, कारण तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, आणि तारांवर चार किलोंचा जीव येऊन बसला की तारांखालची घोडी सरकते आणि लावलेली जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, बिघडते.

नखे घासणे ही मांजराची गरज आहे. त्यातून नखांची जुनी आवरणे गळून पडतात, पाठीचा कणा ताणला जातो आणि पंजातील ग्रंथींचा गंध त्या जागी राहतो. ही गरज भागवायला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेला, मांजर मागच्या पायांवर पूर्ण ताणून उभे राहिले तरी उंच ठरेल असा, न हलणारा खांब घ्या आणि तो तंबोऱ्याच्याच खोलीत ठेवा. पुष्कळ जण तो गॅलरीत ठेवतात आणि मांजर वापरत नाही अशी तक्रार करतात. ज्या खोलीत माणसांचा वावर आहे, तेथेच त्याला आपली खूण ठेवायची असते. नखांची टोके दर दोन-तीन आठवड्यांनी कापावीत. नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया काही देशांत होत असे व काही ठिकाणी अजून होते. तीत बोटांची शेवटची पेरेच कापली जातात, आणि कोणत्याही वाद्यासाठी मांजरावर तो प्रसंग आणू नये असे माझे ठाम मत आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगते. तंबोऱ्यापासून तुमच्या बोक्यालाही धोका आहे, आणि तो जवारीच्या दोऱ्याचा आहे. घोडी आणि तार यांच्यामध्ये आपण जो सुती किंवा रेशमी दोरा सरकवतो, त्याची लोंबती टोके, डबीबाहेर राहिलेले सुटे दोरे आणि बदलून टाकलेले जुने दोरे हे मांजराच्या दृष्टीने शिकारच असतात. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकणे त्याला अवघड जाते आणि तो गिळला जातो. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकले आणि उरलेला भाग आतड्यात गेला, तर आतडे तो पुढे ढकलू पाहते, स्वतःच दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखे गोळा होते, आणि ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू शकतो. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना उडणे, कोपऱ्यात लपून बसणे ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक दिसले, तर ते कधीही ओढू नये आणि दोरा सुटावा म्हणून तूप-तेलही पाजू नये. जवारी लागल्यावर दोऱ्याची टोके चिमटीत धरता येतील एवढीच ठेवून बाकीची कापा, सुटे दोरे झाकणाच्या डबीत ठेवा, आणि तार बदलल्यावर पोलादी किंवा पितळी तारेचे तुकडे सतरंजी झटकून गोळा करा. शिष्यांनाही हे पहिल्या दिवशीच सांगा, कारण दोरा सतरंजीवर टाकून देण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे.

इतके करूनही तंबोरा कधी पडला आणि भोपळ्याला तडा गेला, तर तारा लगेच सैल कराव्यात, म्हणजे फुटलेल्या भागावरचा ताण कमी होतो. लहानात लहान कपचीसुद्धा कागदात जपून ठेवावी आणि झटपट चिकटणारा गोंद घरी लावू नये, कारण त्याचा थर बसला की पुढे कारागिराला सांधा नीट जुळवता येत नाही. चांगला कारागीर फुटलेला भोपळा पुष्कळदा पुन्हा उभा करतो.

प्रश्न: आमच्याकडे वडिलांच्या वेळची पेटी (हार्मोनियम) आहे. कसर आणि झुरळे लागू नयेत म्हणून आम्ही तिच्या खोक्यात आणि तबल्याच्या पिशवीत डांबरगोळ्या ठेवतो. मांजर दिवसभर पेटीवरच झोपते. अलीकडे मध्य सप्तकातील एक सूर मध्येच मुका होतो. केसांमुळे असे होत असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तशी दाट शक्यता आहे. पेटीचा भाता खोलीतील हवा आत ओढतो. आसपास केस असतील, तर तेही हवेबरोबर आत जातात. पितळी सुराची जीभ तिच्या चौकटीत अतिशय थोड्या मोकळ्या जागेत कंप पावते, आणि तेवढ्या फटीत एक केस अडकला तरी सूर दबतो, खरखरतो किंवा बोलतच नाही. भात्याच्या चामडी पडद्याखाली केस बसला, तर हवा गळते आणि पेटी दमल्यासारखी वाजते. पेटी उघडण्याची सवय असेल, तर मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच केस काढावा. तोंडाने फुंकर मारू नये, कारण फुंकरेबरोबर ओलावा जातो. टाचणी किंवा पाते तर मुळीच वापरू नये. सुरांची उंची जीभ घासूनच लावलेली असते, त्यामुळे तिच्यावर उमटलेला लहानसा ओरखडाही सूर हलवू शकतो. खात्री वाटत नसेल, तर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावी. पुढच्या काळासाठी पेटी सतरंजीवर न ठेवता चौरंगावर ठेवा, वाजवण्यापूर्वी भोवतालची जागा ओल्या फडक्याने पुसा आणि वाजवून झाल्यावर पेटी खोक्यात बंद करा. मांजराला उंच आणि उबदार बैठक हवी असते. तशीच दुसरी बैठक खिडकीजवळ मिळाली, तर पेटीचा हट्ट ते सोडून देईल.

डांबरगोळ्या मात्र आजच घराबाहेर काढा. त्यांतील नॅप्थलीन मांजराच्या रक्तपेशींना आणि यकृताला घातक असते. गोळी चाटणे किंवा चावणे तर धोक्याचे आहेच, पण तिची वाफ कोंडलेल्या जागेत सतत श्वासावाटे जाणेही चांगले नाही, आणि तुमचे मांजर नेमके त्या खोक्याला चिकटूनच झोपते. कापूर, निलगिरीचे तेल आणि इतर उग्र सुगंधी तेले हेही पर्याय मांजराच्या घरात चालत नाहीत. कसर अंधाऱ्या आणि निवांत जागी वाढते. जे वाद्य रोज उघडले जाते, वाजते आणि झटकले जाते, त्याला ती क्वचितच लागते, म्हणून पेटी रोज वाजवणे हाच तिचा उत्तम बंदोबस्त आहे. पावसाळ्यात बंद खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या मांजराच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे. तुमच्या मांजराच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. भात्याचे चामडे, तबल्याची वादी (कातडी पट्टी) आणि तंबोऱ्याचा भोपळा यांचा जुना वैरी उंदीर आहे, आणि घरात मांजराचा वावर असला की तो सहसा फिरकत नाही.

प्रश्न: तळमजल्यावरच्या घरात मी तबला शिकतो. खिडकीतून बाहेरचा एक बोका येतो आणि त्याने दोनदा तबल्यावर फवारा मारला. आमचा स्वतःचा बोकाही आता दाराच्या कडेला तसेच करू लागला आहे. वास जात नाही. फिनेलने पुसले तर चालेल का? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर: फिनेल वापरू नका, वाद्यावर नको आणि फरशीवरही नको. फिनेलसारख्या द्रव्यांतील फेनॉल वर्गाची रसायने निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार थोडी असते. पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि ते द्रव्य पोटात जाते. मांजराच्या मूत्रातील यूरिक आम्लाचे क्षार साध्या पाण्याने निघत नाहीत. ते सुकून राहतात आणि हवेत दमटपणा आला की वास पुन्हा उठतो, म्हणून उन्हाळ्यात गेलेला वास पावसाळ्यात परत येतो. त्यांचे विघटन करणारी विकरयुक्त (एन्झाइम असलेली) द्रावणे पाळीव प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात मिळतात, ती फरशीला, दाराला आणि खिडकीच्या चौकटीला वापरावीत.

तबल्याचा विषय वेगळा आहे. पुडी, म्हणजे वर ताणलेले आवरण, बकऱ्याच्या कातड्याची आणि तिच्यावरची काळी गोल शाई लोहचूर्ण व खळ यांच्या थरांची असल्यामुळे ती ओली करून धुता येत नाही. फवारा नुकताच पडला असेल, तर कोरड्या सुती कापडाने दाबून टिपून घ्यावे, घासू नये. तबला सावलीत, वाऱ्यावर सुकवावा. उन्हात ठेवल्यास कातडे एकदम ताणले जाऊन पुडी फाटते आणि शाईला भेगा जातात. ओल शाईत किंवा गजऱ्यात (पुडीच्या कडेच्या वेणीत) मुरली असेल, तर पुडी बदलणेच योग्य. पुडी उतरवल्यावर धातूचा डग्गा आतून-बाहेरून धुऊन पूर्ण सुकवता येतो. लाकडी खोडाला दमट कापड फिरवावे, पण पाणी मुरू देऊ नये. लाखेचे पॉलिश असलेल्या कोणत्याही वाद्याला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे डागाबरोबर पॉलिशही निघून येते. तबल्याखालची चुंबळ मांजरांना बसायला फार आवडते. ती गंधाने भरलेली असेल, तर धुण्यात वेळ न घालवता नवी करून घ्या.

मूळ कारण खिडकीत आहे. बाहेरचा बोका आपली हद्द आखून जातो आणि तुमचा बोका त्याला उत्तर देतो. खिडकीला जाळी बसवा आणि तुमच्या बोक्याचे निर्बीजीकरण झालेले नसेल तर करून घ्या. त्यानंतर बहुतेक बोके फवारणे सोडतात. परिसरातील भटक्या मांजरांसाठी काम करणारी संस्था असेल, तर बाहेरच्या बोक्याचेही होऊ शकेल. एक गोष्ट मात्र नीट पाहा. उभ्या पृष्ठभागावर शेपूट थरथरवत मारलेला फवारा आणि मातीच्या पेटीत वारंवार बसून जोर करूनही थेंबच येणे, यांत फार फरक आहे. दुसरे लक्षण मूत्रमार्ग अडल्याचे असू शकते, आणि बोक्याच्या बाबतीत ती तातडीची अवस्था असते. त्यात एक दिवसाचाही उशीर जिवावर बेतू शकतो.

प्रश्न: मी पहाटे गाण्याचा रियाज करते. खर्ज, म्हणजे खालचे सूर, चालू असताना माझी मांजरी मांडीशी येऊन बसते, पण तार सप्तकात गेले की ओरडते आणि कधी हाताला हलके चावते. बहीण व्हायोलिन काढते तेव्हा तर खोलीतून पळते. तिला संगीताचा त्रास होतो का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: मांजराचे कान आपल्यापेक्षा फार वरपर्यंत ऐकतात. माणसाची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्झ मानली, तर मांजर सुमारे ८५ हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू शकते. त्यामुळे व्हायोलिनवर गज घासल्याचा किंवा झांजांचा आवाज आपल्याला ऐकू येतो त्याहून तिला पुष्कळ भरलेला आणि तीक्ष्ण ऐकू येत असणार. अमेरिकेतील चार्ल्स स्नोडन, मेगन सॅव्हेज आणि संगीतकार डेव्हिड टी यांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांजराच्या आवाजाची पट्टी आणि घुरघुरण्याची किंवा दूध पिण्याची लय धरून रचलेले संगीत लावले असता मांजरे ध्वनिक्षेपकाकडे वळत, त्याला अंग घासत. माणसांसाठीच्या संगीताकडे त्यांनी तेवढे लक्ष दिले नाही. यावरून आपले गाणे त्यांना नकोसेच असते असा निष्कर्ष निघत नाही. तुमची मांजरी खर्जाच्या वेळी जवळ येते ती तुमच्या उबेसाठी, स्थिर बैठकीसाठी आणि ओळखीच्या आवाजासाठी, आणि साधकाच्या दृष्टीने ही संगत मोलाची आहे.

कान मागे पडणे, शेपटी आपटणे आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे ही अस्वस्थतेची चिन्हे दिसली की पुढच्या चाव्याची वाट न पाहता क्षणभर थांबा आणि तिला उठून जाऊ द्या. खोलीचे दार नेहमी किलकिले ठेवा. ज्या मांजराला बाहेर पडण्याची वाट ठाऊक असते ते सहसा घाबरत नाही, आणि दार लावून जबरदस्तीने ऐकायला लावलेले मांजर वाद्य पाहूनच बिथरते. बहिणीने व्हायोलिनची सुरुवात दुसऱ्या खोलीतून, हळू आवाजात करावी. वाजवून झाल्यावर गज सैल करून व्हायोलिन पेटीत ठेवावे आणि पेटीचे झाकण वादन चालू असतानाही बंदच असावे, कारण मखमलीची उघडी पेटी म्हणजे मांजराला आयते अंथरूण होते.

वेळेबद्दलही एक सुचवते. मांजर स्वभावतः पहाटे आणि संध्याकाळी शिकारीला निघणारे जनावर आहे, आणि आपल्या रियाजाच्या परंपरागत वेळा नेमक्या त्याच आहेत. रियाजाला बसण्यापूर्वी दहा मिनिटे तिला पिसांच्या काठीमागे मनसोक्त पळवा आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप हा तिचा स्वाभाविक क्रम आहे, त्यामुळे तुमचा षड्ज लागेपर्यंत ती बहुधा झोपेकडे वळलेली असेल. रियाज अर्धवट सोडून तिच्या ओरडण्यावर उठून खाऊ देण्याची चूक मात्र टाळावी, अन्यथा तार षड्ज म्हणजे जेवणाची हाक असे ती धरून बसेल.

प्रश्न: न्यू जर्सीत आमच्या घरी मी मराठी मुलांचा गाण्याचा वर्ग घेते. एका मुलीला वर्गात शिंका येतात, डोळे लाल होतात आणि आवाज बसतो. तिची आई संकोचाने काही बोलत नाही. मांजर वर्गाच्या वेळी वरच्या मजल्यावर असते, तरी असे का व्हावे? (एक शिक्षिका)

उत्तर: मांजराची ॲलर्जी मुख्यतः त्याच्या लाळेतील आणि त्वचेतील एका प्रथिनामुळे होते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर सुकते आणि तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटतात आणि सतरंजीत मुरतात. त्यामुळे मांजर वर्गाच्या तासापुरते खोलीबाहेर असणे पुरेसे होत नाही. ती खोली कायमची मांजराविना ठेवावी लागेल. तेथील गालिचा काढून धुता येणारी सतरंजी घाला आणि ती दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. तंबोऱ्याच्या गवसण्या आणि पेटीचे आच्छादनही धुण्यात घ्या, कारण मुले ती हाताळतात आणि तोच हात डोळ्यांना लावतात. बारीक कण अडवणारे हवाशुद्धीकरण यंत्र त्या खोलीत लावणेही उपयोगाचे आहे. आईशी तुम्ही स्वतःच बोला आणि डॉक्टरांना दाखवायला सुचवा. सवय झाली की बरे वाटेल असे मुलीला सांगू नका, कारण ॲलर्जी कधी दम्याकडे झुकते आणि गाणाऱ्या मुलीचा श्वास जपणे हे शिक्षकाचेच काम आहे. त्रास कमी झाला नाही, तर तिचा वर्ग दुसऱ्या जागी किंवा ऑनलाइन घ्यावा.

तुमच्याकडे गुरुपौर्णिमेला शिष्य पुष्पगुच्छ आणत असतील, म्हणून आणखी एक सावधगिरी सांगते. परदेशांतील गुच्छांत लिलीची फुले पुष्कळदा असतात, आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही ती सहज मिळतात. खऱ्या लिलीचे पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले पराग, एवढेच काय, फुलदाणीतील पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते. अशी फुले आली, तर ती तंबोऱ्याजवळ न मांडता घराबाहेर काढा. मांजराने ती चाटल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच घटकेला पशुवैद्यांकडे न्या. पुढील वर्षी शिष्यांना गुच्छाऐवजी तारांचा एक संच आणायला सांगता येईल.